कंसातले नागपूर

पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी १९४८ साली हैदराबाद संस्थानाचा दौरा करून जो अहवाल लिहिला, त्यातल्या एका कंसात आमच्या शहराचे नाव येते. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर गावोगाव काय घडले याची यादी त्यात दिली आहे. खून, लूट, जाळपोळ, मशिदींची विटंबना, जबरीचे धर्मांतर, घरे आणि जमिनी बळकावणे. याच ओळीत बायका पळवल्याचा उल्लेख आहे आणि त्या उल्लेखाला जोडून कंस. काही वेळा या बायकांना संस्थानाबाहेर, सोलापूर आणि नागपूर अशा शहरांत नेण्यात आले, एवढेच कंसात सांगितले आहे. कंस मिटतो आणि यादी पुढे सरकते.

आम्ही नागपूरचे. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, घरी उर्दू बोलतो, लिहितो मराठीत. हा अहवाल आम्ही वाचला तो ए. जी. नूरानी यांच्या २०१३ सालच्या इंग्रजी ग्रंथाच्या परिशिष्टात. त्याआधी २००१ मध्ये ‘फ्रंटलाइन’ने त्यातला काही भाग छापला होता. म्हणजे लिहून झाल्यावर अर्धे शतक हा मजकूर सामान्य वाचकाच्या हाती नव्हता. कंसातले ते नाव वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही. मग जो प्रश्न पडला तो इतिहासाचा नव्हता, वाङ्मयाचा होता. जे उजाडले त्याबद्दल आपल्याकडे थोडेफार लिहिले गेले आहे. जे पुन्हा वसले, किंवा वसू शकले नाही, त्याबद्दल मराठीत काय आहे? उर्दूत काय आहे?

सरकारी अहवालाला वाङ्मयाच्या कसोटीवर का घासायचे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. तो लिहिणारे लेखकच होते. सुंदरलाल म्हणजे ‘भारत में अंग्रेज़ी राज’चे कर्ते; १९२९ साली ते पुस्तक इंग्रज सरकारने जप्त केले होते. काझी अब्दुल गफ्फार हे ‘पयाम’ या हैदराबादच्या उर्दू दैनिकाचे संपादक आणि ‘लैला के ख़ुतूत’चे लेखक. उर्दू वाचणाऱ्यांना या पुस्तकाची ओळख करून द्यायला नको. एका तवायफेने लिहिलेली पत्रे अशी त्याची रचना आहे आणि सभ्य समाजाला ती त्या पत्रांतून जे ऐकवते ते १९३० च्या दशकात उर्दूत नवे होते. अशा माणसाने हा अहवाल लिहायला हातभार लावला, म्हणून त्याच्याकडून आमच्या अपेक्षा मोठ्या आहेत.

अहवालाची बाजू आधी मांडली पाहिजे. ही मंडळी २९ नोव्हेंबर १९४८ रोजी हैदराबादला पोहोचली आणि २१ डिसेंबरला दिल्लीला परतली. एवढ्या दिवसांत त्यांनी सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले, सात जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे, एकवीस शहरे, तेवीस मोठी गावे. जिथे जाता आले नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांना भेटून विचारपूस केली. मृतांचा आकडा त्यांनी किमान २७ हजार ते ४० हजार असा दिला. सर्वांत जास्त झळ लागलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तिथल्या सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे त्यांना शहरात आढळली. एक हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळालेले. हात चालवणाऱ्यांत केवळ रझाकारांकडून पोळलेले लोक नव्हते, सरहद्दीपलीकडून आलेल्या टोळ्याही होत्या, आणि काही ठिकाणी सैन्यातले लोकही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. सरदार पटेलांना हा अहवाल मुळीच रुचला नाही. तो दडपला गेला त्याचे कारण त्याच्या या स्पष्टपणात आहे.

भाषा सगळी संयमाची. विशेषण क्वचित. आकडा देताना खालचा आकडा धरायचा, हा शिरस्ता. दंगलीवरच्या लेखनात छाती पिटण्याची सवय उर्दूला आहे आणि मराठीलाही. त्या पार्श्वभूमीवर हा कोरडेपणा आम्हाला मोलाचा वाटतो. मात्र हाच कोरडेपणा कंसापाशी येऊन अपुरा पडतो. मेलेल्यांची मोजदाद होते, लुटलेल्या मालमत्तेची किंमत कोटींत लागते, पण पळवून नेलेल्या बाईचे काय? ती मेलेली नाही म्हणून त्या रकान्यात नाही आणि घरी नाही म्हणून जिवंतांच्या रकान्यातही नाही. तिला कंसच मिळायचा. लैलाला पत्र लिहू देणाऱ्या काझीसाहेबांना दिल्लीच्या कचेरीसाठी इंग्रजीत लिहिताना या बाईला एक वाक्य देता आले नाही. हा दोष त्यांना द्यावा की कचेरीच्या भाषेला, हे आम्ही ठरवू शकलेलो नाही. तक्रार आहे ती वेगळीच. अहवाल डिसेंबर १९४८ ला थांबतो, त्याचे काम तेवढेच होते. पुढचे काम कथाकारांचे, कादंबरीकारांचे होते.

आता कपाटांकडे वळू. मराठीचे कपाट आधी. हैदराबादच्या लढ्यावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे आणि त्यातले काही उत्तम आहे. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा १९८७ चा ग्रंथ, नरहर कुरुंदकरांचे लेख, स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी. हे सगळे आम्ही आदराने वाचले आहे. उर्दू शाळांतल्या शिक्षकांनी ते वाचावे असे आम्ही सहकाऱ्यांना वारंवार सांगतो, त्याबद्दल बोलणीही खातो. निजामी राजवटीत मराठी माणसाची भाषा, शाळा, सभा यांची जी गळचेपी झाली ती आपल्या घरांत सांगितली जात नाही. रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली, हेही पुरते सांगितले जात नाही. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. ते मुसलमान होते आणि उर्दूत लिहीत होते. आमच्या वर्गात त्यांचे नाव एकाही मुलाला ठाऊक नव्हते, हे आम्ही कबूल केले पाहिजे.

परंतु या साऱ्या मराठी लेखनाचा ओघ १७ सप्टेंबर १९४८ या तारखेकडे वाहतो आणि तिथे पोहोचला की विसावतो. संस्थान पडले, गोष्ट संपली. येथे एक चमत्कारिक बाब आहे. रझाकारांच्या भीतीने हजारो हिंदू कुटुंबे आधीच घरदार सोडून वऱ्हाडात, सोलापूर-बार्शीकडे निघून गेली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. उमरखेड तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, राजधानी नागपूर. ही कुटुंबे सप्टेंबरनंतर आपापल्या गावी परतली असतील. घराचे काय झाले होते? पेरणी कोणी केली होती? वाड्यात परत शिरताना शेजारचे मुसलमान घर उघडे होते की जळलेले? जिंकलेल्यांचे हे परतणेही मराठीने लिहून ठेवण्याजोगे मानले नाही. लढा लिहिला गेला, संसार नाही. मुस्लिम वाचकाने इथे फक्त स्वतःपुरती फिर्याद मांडू नये असे आम्हाला वाटते, कारण जे गहाळ आहे ते दोन्ही घरांचे आहे.

हमीद दलवाईंनी ‘इंधन’मध्ये कोकणातल्या एका गावचा फसाद आतून लिहिला, १९६५ साली. मराठीत गावपातळीवरचा फसाद इतक्या जवळून पाहणारी दुसरी कादंबरी आम्हाला चटकन आठवत नाही. पण ती पेटण्याची गोष्ट आहे. विझल्यानंतरच्या राखेत कोण चूल मांडतो, हा तिचा विषय नव्हता.

उर्दूचे कपाट पाहिले तर वेगळीच उणीव. इब्राहीम जलीस यांचे ‘दो मुल्क एक कहानी’ हे हैदराबादच्या पाडावाचे आणि पाकिस्तानला जाण्याचे कथन आहे. मनुष्य गुलबर्ग्याच्या घरातला, म्हणजे त्या चार जिल्ह्यांपैकी एकातला. लेखणी तिखट. पण नजर लागलेली ती दोन मुल्कांकडे. मधले गाव मागेच राहते. जिलानी बानो यांची १९७६ ची ‘ऐवान-ए-ग़ज़ल’ ही आमच्या मते हैदराबादवरची सर्वांत जाणती कादंबरी. सरंजामी घराच्या आत बायकांचे काय होत होते ते त्यांनी कोणतीही हळहळ न मिसळता दाखवले. तरी ती हवेलीची कादंबरी आहे. उर्दू साहित्याला हैदराबाद म्हटले की शहर दिसते, हवेली दिसते, मुशायरा दिसतो, गेलेली तहजीब दिसते. औसा, निलंगा, उदगीर, कंधारचा शेतकरी, पिंजारी, मुलाणी, विणकर दिसत नाही. आणि अहवाल तर बजावून सांगतो की बळी पडले ते मुख्यतः खेड्यांतले, जिथे मुसलमान अगदीच थोडे होते. तहजीबीचे मर्सिये लिहिणाऱ्यांना या माणसांची बोली उर्दू वाटली नसावी. ते दखनी मिसळलेली मराठी किंवा मराठी मिसळलेली दखनी बोलत होते. उर्दूने त्यांना गावंढळ म्हणून सोडले, मराठीने मुसलमान म्हणून.

हे विधान कडक आहे याची आम्हाला जाणीव आहे. ते मागे घ्यावे असे वाटत नाही.

पंजाबचे काय झाले ते पाहा. तिथल्या पळवलेल्या स्त्रियांना शोधून परत आणण्यासाठी १९४९ साली कायदा झाला. पूर्व पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत, पेप्सू, राजस्थान या भागांना तो लागू झाला. हैदराबाद त्यात नव्हते. कायदा आला की अधिकारी येतात, छावण्या येतात, याद्या होतात, वर्तमानपत्रांत चर्चा होते, आणि त्या चर्चेच्या उजेडात कथाही लिहिली जाते. राजिंदरसिंग बेदींची ‘लाजवंती’ त्यातूनच आली. परत आणलेल्या बायकांना मनात जागा द्या म्हणून प्रभातफेऱ्या काढणारा कार्यकर्ता, त्याची स्वतःचीच बायको परत येते, तो तिला देवी मानून घरात ठेवतो, पण तिच्यावर काय गुजरले ते तिला बोलू देत नाही. पुनर्वसन झाले, कागद पुरा झाला, बाई मात्र आतून बेघरच. विस्थापितांना मदत करू पाहणाऱ्या कोणत्याही समितीने आधी ही कथा वाचावी, मग काम सुरू करावे, असे आमचे मत आहे. (योगायोग असा की या नवऱ्याचे नाव सुंदरलाल आहे. बेदींच्या मनात अहवालाचे पंडितजी असण्याचे काही कारण दिसत नाही. पण कंसाशेजारी ही कथा ठेवून वाचली की नावावर नजर अडतेच.) हैदराबादसाठी कायदा नाही, म्हणून यादी नाही, म्हणून चर्चा नाही. लातूरची लाजवंती लिहिली गेली नाही.

आता अहवालातल्या ज्या भागाकडे फारसे कोणी बघत नाही, त्याकडे येऊ. हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याची, त्यासाठी जीव गमावल्याची उदाहरणे अहवालाने नोंदवली आहेत. त्यात एका धंद्याचे नाव मुद्दाम घेतले आहे : विणकर. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना स्वतःची मोठी किंमत मोजून, काही ठिकाणी प्राण देऊन, हिंदू जमावापासून वाचवले. पळवलेल्या मुस्लिम बायका परत मिळवायलाही अनेक हिंदूंनी मदत केली, असे अहवाल सांगतो. कायदा नसताना जे काही पुनर्वसन झाले त्याचा खरा आरंभ या दोन वाक्यांत आहे, आणि त्यावर कोणी ओळही लिहिली नाही.

विणकरच का? नागपूरकराला हे समजावून सांगावे लागू नये. मोमिनपुऱ्यातले मोमीन विणकर उत्तरेतून आले, माग घेऊन बसले, आणि शहरात कोष्टी आधीपासून होतेच. हातमागावर काम करणाऱ्याला ताणा घालायला लांब गल्ली लागते, चार हात लागतात. सूत उधारीवर येते आणि व्यापारी दोघांचा एकच असतो. लुगडे उचलणारा तोच, भाव पाडणारा तोच. एकाचा माग बंद पडला की दुसऱ्याच्या दारातली गल्लीही ओस पडते. असा शेजार केवळ चांगुलपणावर उभा नसतो, म्हणून तो ऐनवेळी कोसळत नाही. शेतीत तसे नव्हते. मुसलमान कूळ किंवा इनामदार पळाला की शेजाऱ्याला बांध सरकवता येतो. अहवालात जमिनी बळकावल्याचा उल्लेख आहे, माग बळकावल्याचा नाही, हे आम्ही तीनदा वाचून पाहिले. एखाद्या कादंबरीकाराला एवढी एक खूण पुरायला हवी होती.

जमिनीचा विषय निघाला म्हणून अलीकडची एक गोष्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळाचे दप्तर बाहेर निघाले. त्यातले पुष्कळ कागद उर्दूत, काही मोडीत. अचानक उर्दू वाचणाऱ्यांना मागणी आली. ज्या लिपीला एरवी परकी म्हणतात तिच्यात मराठा शेतकऱ्याचे कुळ सापडत होते! आम्हाला याचा आनंदच झाला. पण त्याच दप्तरांत, त्याच पानांवर, १९४८ पूर्वी कोणत्या शिवारात कोणत्या पिंजाऱ्याचे, मुलाण्याचे, सय्यदाचे रान होते तेही असणार. पुढे १९५४-५५ च्या खासरा पत्रकात तीच जमीन कोणाच्या नावे आहे, हे ताडून पाहणे आमच्यासारख्या उर्दू शिक्षकाला अशक्य नाही. कोणाकडून काही परत मागण्यासाठी हे म्हणत नाही. पंच्याहत्तर वर्षांनी तसे मागणे वेडेपणाचे ठरेल आणि त्यातून नवे भांडण उभे राहील. पण कोण परत आला आणि कोण आला नाही, याची एवढी साधी नोंद तरी त्या दोन कागदांच्या मध्ये पडलेली आहे.

परत येणे ही गोष्ट सरकारांना नेहमीच अडचणीची वाटते. मुजफ्फरनगरला २०१३ च्या फसादानंतर पन्नास हजारांहून अधिक माणसे गावे सोडून छावण्यांत आली, बहुतेक मुसलमान, बहुतेक मजूर. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या नऊ गावांतल्या कुटुंबांना उत्तर प्रदेश सरकारने पाच-पाच लाख रुपये दिले, आणि त्यासाठी गावी परतणार नाही असे प्रतिज्ञापत्र लिहून घेतले. टीकाकाराने प्रतिज्ञापत्रही वाचले पाहिजे, तोही एक मजकूर आहे. त्याचा निवेदक ‘मी’ असतो, भाषा वकिलाची असते, आणि खाली अंगठा उठतो तो ज्याला ती वाचता येत नाही त्याचा. लातूरच्या माणसाकडून असे काही लिहून घेण्याची गरज कोणाला भासली नाही. तो नुसताच गेला. हजारो कुटुंबे हैदराबाद शहराच्या गल्ल्यांत शिरली, काही सोलापूरला, काही इकडे.

इकडे आलेल्यांपैकी एक आमच्या मोहल्ल्यात होत्या. सगळे त्यांना उदगीरवाली खाला म्हणत. आम्ही शाळेत जायचो तेव्हा त्या साठीच्या असतील. लहानपणी मामूबरोबर आल्या, एवढेच सगळ्यांना माहीत. मोमिनपुऱ्यात कोणाकडे वीतभर रान नाही, पण जून उजाडला की खाला दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, “मिरग लग्या क्या रे?” आम्ही पोरे हसायचो. मिरग म्हणजे मृग, हे आम्हाला मराठीच्या बाईंनी सातवीत सांगितले तेव्हा कळले. त्या कंसातल्या होत्या असा आमचा दावा मुळीच नाही. त्या वेळी त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या आणि सोबत मामू होता. पण उदगीर हे तालुक्याचे नाव. त्यांचे गाव कोणते, हे आम्ही विचारले नाही. आमच्या अम्मीनेही विचारले नव्हते. खाला २००९ मध्ये वारल्या.

१९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते सोलापुरात. म्हणजे कंसातल्या दोन शहरांपैकी एकात. तेव्हापासून आपण आपल्या लेखनात तलाक, शिक्षण, अस्मिता, दंगलीतले पोलीस या विषयांवर पुष्कळ लिहिले आणि ते आवश्यकच होते. १९४८ वर मात्र आपणही शहरी उर्दूचे मर्सिये तरी उसने घेतले, नाहीतर गप्प राहिलो. त्या वर्षी दहा वर्षांचा असलेला माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, कंधार, तुळजापूर, उमरखेड इथल्या वाचकांना आमची विनंती आहे, घरात किंवा शेजारी असे कोणी असेल, कोणत्याही धर्माचे, तर त्यांच्यापाशी बसा. मारामारीचे विचारू नका. ते त्यांना सांगायचे असेल तर सांगतील. १९४९ च्या मृगाचे विचारा. त्या वर्षी रान कोणी नांगरले, बैल कोणाचे होते, बी कोणी दिले, कोणाच्या घराला आधी छप्पर चढले आणि तुळई कोणी आणून दिली. बाई परत आली असेल तर तिच्या हातचे पाणी पहिल्यांदा कोण प्यायले. उत्तर दखनीत आले तर दखनीतच लिहून घ्या, मराठीत आले तर मराठीत. शुद्धलेखन आम्ही तपासून देऊ.